वीस त्रिकोण

पाषाण रस्त्यावरच्या प्रयोगशाळेत, तळघरात
मी एकतीस वर्षं अंधार सांभाळला.
माणसाहून उंच सूक्ष्मदर्शक, पोटात निर्वात,
समोर हिरवट काच,
तिच्यावर उजेड नाही, इलेक्ट्रॉन पडायचे.

शेंडगे सरांनी शिकवलं :
तांब्याची जाळी, तीन मिलिमीटरची,
चिमट्यात धर, श्वास रोख.
एक थेंब नमुना, एक थेंब टंगस्टनची शाई,
कडेचं पाणी गाळणकागदाने टीप.
"आपण त्याला रंगवत नाही, कुमुदिनी.
भोवतालचं काळं करतो.
तो उरतो."

पहिला उरला तो मुठेतला,
म्हात्रे पुलाखालून बाटलीत भरून आणलेला :
डोकं, शेपूट, सहा बारीक पाय,
जीवाणूच्या पाठीवर उतरलेला.
मला हसू आलं. एवढं यंत्र,
आणि पोट नाही.

मग सवय झाली.
तंबाखूच्या पानातले, खडूच्या कांडीसारखे सरळ,
आत गोल जिना, प्रथिनाच्या पायऱ्या, आरएनएचा कठडा.
पिसाळलेल्या कुत्र्याच्या मेंदूतले, बंदुकीची गोळी जशी.
आणि गोल वाटणारे, पण गोल नसलेले.
सर म्हणाले, मोज.
वीस त्रिकोण. बारा टोकं.
एकच वीट पुन्हा पुन्हा, गवंडी कुणी नाही.

त्या दिवाळीत त्यांनी कार्डशीटचा तसाच आकाशकंदील केला,
जिन्यात टांगला, आत चाळीसचा बल्ब.
"बल्ब म्हणजे संदेश. बाकी टरफल."
काहींच्या टरफलावर आणखी एक पांघरूण असतं :
ज्या पेशीत राहिले तिचाच पडदा
निघताना अंगावर ओढलेला, साबणाने विरणारा.
"भाडं बुडवून वर पडदाही नेणारे भाडेकरू!"
हा विनोद ते दर वर्षी नव्या मुलांना ऐकवायचे.
दर वर्षी एकटेच हसायचे.

वर ग्रंथालयात लोखंडी कपाट, सात खण.
आकारावरून नाही, रोगावरून नाही,
आत संदेश कसला आणि तो वाचायचा कसा, यावरून.
दुहेरी डीएनए. एकेरी डीएनए. दुहेरी आरएनए.
सरळ वाचता येणारा आरएनए.
उलटा, आधी आरशात धरावा लागणारा.
सहावा, आरएनएचा डीएनए करून
आपल्याच वहीत डकवणारा.
सातवा डीएनएचाच, पण प्रत काढायला
आरएनएच्या वाटेने वळसा घेणारा.

आठवा खण नव्हता.
मंचरहून बटाटे आले, टकळीसारखे निमुळते.
तीन दिवस जाळीवर शोधलं. टरफलच नाही.
आरएनएचा नुसता वेढा, उघडा,
एकाही प्रथिनाचा मजकूर नसलेला.
सरांनी त्याची चिठ्ठी कपाटावर ठेवली.
खणात नाही, वर.

निवृत्तीनंतर चौथ्या वर्षी
सर औंधच्या चौकात उभेच राहिले, घर कुठल्या बाजूला ते आठवेना.
मग जाळी धरणारा तो हात झटके देऊ लागला.
पाच महिन्यांत सगळं.

सुशीलावहिनींनी विचारलं, "कुठला विषाणू हो?"
विषाणू नव्हता. बल्बच नव्हता आत.
नुसतं प्रथिन, चुकीची घडी पडलेलं,
शेजारच्या नीट प्रथिनालाही तीच घडी शिकवणारं.
कुठून आलं? प्रयोगशाळेतून नव्हे.
कुठूनच नव्हे.
उकळून मरत नाही, फॉर्मलिनला दाद देत नाही;
मरायला आधी जगावं लागतं.
एवढं सगळं मी बोलले, की काहीच बोलले नाही,
आता सांगता येत नाही.
वहिनींच्या मांडीवर सरांचा इस्त्रीचा शर्ट होता.
त्यांनी तो उलगडला, घडी घातली,
पुन्हा उलगडला.

कपाट गेलं भंगारात, नव्या इमारतीत जागा नव्हती.
वरची चिठ्ठी कुणी झाडली असेल.
कंदील माझ्याकडे आहे.
एकोणीस त्रिकोण, विसावा उंदराने खाल्ला.
यंदा त्या जागी वर्तमानपत्र चिकटवलंय,
बल्ब एलईडीचा,
आणि उजेडात छापील अक्षरं उलटी दिसतात.